पाकिटातलं नाव
अमेरिका-युरोप चषकात अमेरिकेचा गोल्फपटू शेवटच्या दिवशी जायबंदी झाला, तर आम्हा युरोपवाल्यांनाही आपल्यातल्या एकाला बाहेर बसवावं लागतं. त्याचं नाव कर्णधारानं आधीच पाकिटात घालून द्यायचं. यंदा कर्णधार मी. दोन दिवस पावसात खेळून संघातले बाराही जण गळाठले होते. कोरी चिठ्ठी तासभर माझ्यापुढे पडून होती. “डूगल, तुम्हाला कसं जमलं हो हे?” मी विचारलं. शेकोटीशी बसलेल्या माझ्या जुन्या कर्णधारांनी खिशातून पिवळं पडलेलं पाकीट काढलं. “वीस वर्षांपूर्वीचं. उघडावं लागलंच नाही. घे, फोड.” आत माझं नाव होतं. त्या वर्षी शेवटचा चेंडू खळग्यात घालून मी चषक जिंकून दिला होता. “तेव्हा मिठी मारलीत मला!” “मारली की. हे खिशातच होतं.” मी एकाचं नाव लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि जेवायला गेलो. तोच माझ्यासाठी खुर्ची धरून बसला होता.