ड्रायव्हर कोणाचा

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला बाहेरची फोटोसेवा जोडणारा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, निनादने ऑफिसच्या बैठकीत सगळ्यांसमोर चालवून दाखवला. "मीच लिहिलाय," तो म्हणाला. खरं तर ड्रायव्हर शाहीनने लिहिला होता, आणि ती मागच्याच खुर्चीत बसली होती.

"मध्येच नेट गेलं तर फोटो अर्धवट राहील ना?" साहेबांनी विचारलं.

उत्तर निनादला ठाऊकच नव्हतं.

"नाही सर," शाहीन उठून म्हणाली. "नेट आलं की ड्रायव्हर उरलेला भाग आणतो. निनादनेच सांगितलं मला."

टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी निनादने तिला खालमानेने विचारलं, "मला का वाचवलंस?"

"तुला कुठे? माझ्या ड्रायव्हरला वाचवलं."

चहा तसाच ठेवून निनाद, ड्रायव्हर कोणाचा ते सांगायला, साहेबांच्या केबिनकडे निघाला.