टॉवरच्या दिशेने

परगावी लेकीचं ऑपरेशन सुरू होतं. जावयाचा फोन येईना आणि आप्पांच्या पायाला भिंगरी लागलेली. शेवटी माई वैतागल्या. "अहो, नुसत्या येरझाऱ्या घालण्यापेक्षा वर जाऊन अँटेना फिरवा. टीव्ही अडकतोय."

आप्पा गच्चीवर गेले. अँटेनाचा दांडा दूरच्या टीव्ही टॉवरकडे वळवून ओरडले, "आलं का?"

"चित्राचे नुसते चौकोन होताहेत. अजून डावीकडे."

"आता?"

"आलं. गेलं परत. थोडं मागे घ्या."

बऱ्याच वेळाने आप्पांची नजर पायाशी गेली. अँटेनाची वायर कधीचीच तुटून कठड्याशी पडली होती, तुटलेलं टोक गंजलेलं.

खाली फोन अजून वाजला नव्हता.

आप्पांनी वायर पायाने बाजूला सारली आणि दांडा पुन्हा धरला.

"आता बघ गं."