आत्याचा कंदील

आजोबांवरच्या पुस्तकात लेखिकेने एकच प्रसंग पदरचा घातला होता: धाकट्या काकाच्या जन्माच्या वेळी आजोबांनी सुईणीला खांद्यावर बसवून छातीभर पुरातून घरी आणलं. खरं तर नदीला तेव्हा पूर नव्हता आणि सुईण शेजारीच राहायची.

पुस्तक वाचल्यापासून म्हातारी आत्या तो प्रसंग ताठ बसून नातवंडांना सांगू लागली. शेवटी लेखिका हळूच म्हणाली, “आत्या, अगं, ते मी रचलंय.”

“तुला काय ठाऊक? तू तेव्हा जन्माला तरी आली होतीस का?” आत्या डाफरली. “माझ्या बापाला वाट दिसावी म्हणून काठावर कंदील धरून कोण उभं होतं? मीच ना.”

एवढी मोठी दाद लेखिकेला आजवर मिळाली नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत कंदील आला.