दोन हात जागा

बायकोच्या बाळंतपणाआधी घराला एक खोली काढायची होती, पण ती नेमापेक्षा दोन हात रस्त्याकडे येत होती. तेवढी सूट मिळावी म्हणून शालिग्रामनं गावच्या म्युनिसिपल कमेटीत चार महिने खेटे घातले. आज मेंबर रामरावांनी अर्ज परत केला. "रस्त्यापासून पाच हात सोडाच लागते. रस्ता काय तुह्या बापाचा हाय?"

घरी येऊन त्यानं खाटेवरच्या बापाला ते जसंच्या तसं सांगितलं. कडूबा दारासमोरून जाणाऱ्या कापसाच्या गाड्या पाहत राहिला.

"तू पाळण्यात होता तवा हा रस्ता आपलं आंगन होतं," तो म्हणाला. "रामरावच्या बापाच्या गाड्या वळत नव्हत्या. हात जोडून आला, म्या आंगन सोडलं. अर्ज नाही मांगतला."