रडण्याची शिकवणी

झोपडीतून रडण्याचा आवाज आला, तसं फुलचंदच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"पोरगी तयार झाली," निंबाखाली बसलेल्या माणसांना तो म्हणाला. "आता तं याडी कोणती अन् मानी कोणती, बाहेरून समजत नाही."

मारेगावच्या रस्त्यालगतच्या त्या बंजारा तांड्यात परवा फुलचंदच्या मुलीचं, मानीचं लग्न व्हायचं होतं. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, म्हणजे गाऊन रडते. ते शिकावं लागतं. म्हातारी धनीबाई ते शिकवायची. तांड्यातली प्रत्येक नवरी तिच्या हाताखालून गेलेली. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. रोज दुपारी झोपडीचं दार लोटून शिकवणी चालायची. तेवढा वेळ आत कोणी जायचं नाही, असा रिवाज होता. रडून रडून चौदा वर्षांच्या मानीचा आवाज पार बसला होता.

विमलताई उन्हात उभीच होती. ती ब्लॉकची ग्रामसेविका. बालवाडी बघायची, बायकांना शिवण शिकवायची, आणि संकटात सापडलेल्या पोरींच्या घरी जाऊन बसायची. हे शेवटचं काम दिवसेंदिवस वाढत चाललं होतं.

"फुलचंदभाऊ, वर्षभर थांबा. यवतमाळच्या वसतिगृहात मी तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. ज्याला तिला देताय, त्या रामधनची पहिली बायको विहिरीत मेलेली सापडली, हे तुम्हाला माहीत आहे."

"पाय घसरला तिचा."

"तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते."

फुलचंदने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. "जबान देल्ली, ताई. चार तांड्यायच्या माणसांपुढं. आता फिरलो तं माह्या पोरायले कोण पोरगी देईन? कायले मले पेचात टाकता?"

पोलीस पाटलाकडे ती कालच जाऊन आली होती. त्याने कायदा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "तुमी बी या न जेवाले."

आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. ती तशीच झोपडीकडे गेली आणि दार लोटून आत शिरली.

धनीबाई मानीची हनुवटी धरून सांगत होती, "भितीकडं पाहून नाही रडाचं. माणसाच्या गळ्यात पडाचं. त्याले ऐकू गेलं पाह्यजे."

मानी उठली आणि विमलताईच्या गळ्यात पडली. पण गायली नाही. नुसती रडत, कानाशी लागून म्हणाली, "ताई, त्यायच्या घरची विहीर मी पाह्यली. तिले कठडा नाही."

मागच्या उन्हाळ्यात राळेगावकडची एक पोरगी असंच काही बोलली होती. सोमवारी येते, असं विमलताईने तिला सांगितलं होतं. सोमवारी ती पोचली, तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती.

"याडी, हे रडणं शिकवलेलं नाही. हे खरं आहे."

धनीबाईने वर पाहिलं नाही. "सगळ्यायचंच खरं रायते. मले बाराव्या वर्षी देल्लं. मी बी खरीच रडली. लोक म्हणे, वा, काय रडते पोरगी."

"मग तुम्ही तरी…"

"तुमी जा." म्हातारीचा आवाज कोरडा होता. "शिकवणीत बाहेरचं माणूस नाही पाह्यजे. यवतमाळची गाडी यायची वेळ झाली. सडकेवर जाऊन उभ्या राहा."

तिने मानीचे हात विमलताईच्या गळ्यातून एकेक करून सोडवले.

ती निंबाखालून जाताना तिथे बसलेला देवीलाल म्हणाला, "काहून ताई, तुमाले बी शिकाचं काय रडणं?" माणसं हसली. एकटा फुलचंद हसला नाही.

सडकेवर सावली नव्हती. विमलताई मैलाच्या दगडावर बसली. यवतमाळला जायचं, कोणाला तरी भेटायचं, परत यायचं. तोवर वरात निघून गेलेली असणार. तिला सगळं दिसत होतं आणि करण्यासारखं काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात झोपडीतलं रडणं पुन्हा सुरू झालं. इतके दिवस ती ऐकत आली होती, पण असं कधी ऐकलं नव्हतं. आवाज तोच, बसलेला. त्यात आज सूर सांभाळणं नव्हतं. कोणीतरी आतून फाटत होतं. डोक्यावर मोळी घेतलेली सोनीबाई सडकेवर थांबली, ऐकत राहिली. "लय गोड रडून राह्यली मानी," ती म्हणाली. "याडीचा हात लागला न."

सोनीबाई तांड्याकडे वळली. विमलताईने दोन्ही कानांवर हात दाबून धरले. तरी ते ऐकू येत होतं.

धुळीचा लोट उठला. गाडी आली, थांबली. विमलताईने पायरीवर पाय ठेवला आणि कोणीतरी मागून तिचा पदर ओढला.

नाल्यातून वर आलेली मानी समोर उभी होती. डोक्यावर धनीबाईची विटकी ओढणी, दोन्ही हातांवर तुराट्यांचे ओरखडे.

विमलताईने तांड्याकडे पाहिलं. तिकडे रडणं चालूच होतं.

"मागचा तुराट्यायचा कूड याडीनंच फाडला," मानी म्हणाली. तिचा आवाज जेमतेम फुटत होता. "म्हणे, गाडी दिसेनाशी होऊ दे. तोवर मी थांबत नाही."

"अगं, पण उद्या तिचं काय?"

विमलताईने मानीला पुढे घातलं आणि स्वतः वर चढली. कंडक्टरने दोरी ओढून घंटी दिली.

गाडी सुटली. मागे तांड्यात, दार लोटलेल्या झोपडीत, बारा वर्षांची धनी अजून रडत होती.