वाकडी करंगळी

सिद्धी पलंगाखाली शिरली ती बाहेर यायला तयारच नाही. दारात शेजारच्या रत्नाबाई उभ्या, मुठीत मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या इमारतीत दर शनिवारी दिवेलागणीला पोरांची दृष्ट काढायची ती त्यांनीच, आणि पहिला नंबर ठरलेला सिद्धीचा.

"काय झालं गं पुट्टी, बाळा?" त्यांनी विचारलं.

"अज्जी चेटकीण आहे," पलंगाखालून आवाज आला. "चेटकीण अशीच मूठ फिरवते, मग मुलं मरतात."

सिद्धीच्या आईचा, क्षमाचा, चेहरा पडला. सिद्धीने टॅबवर पाहिलेला गेम तिच्याच कंपनीचा, त्यातली चेटकीण तिनेच केलेली. दोन महिन्यांपूर्वी तिने रत्नाबाईंचे हात मोबाइलवर शूट करून नेले होते. "ऑफिसला हवंय, अक्का," एवढंच सांगून. ऑफिसात काय ती वाहवा झाली! पण टॅब घरातही असतो आणि लेकीला पासवर्ड पाठ असतो, हे बाईसाहेबांच्या लक्षातच आलं नाही.

"दाखव बघू," क्षमाने गेमचं सांगितल्यावर रत्नाबाई म्हणाल्या.

टॅबवर हिरवी नखं, लाल डोळे. मूठ फिरली आणि पोर कोसळलं. रत्नाबाईंनी चष्मा नीट करून पुन्हा पाहिलं. हात त्यांचेच होते, वाकड्या करंगळीसकट.

"सॉरी अक्का. मला खरंच वाटलं नव्हतं..."

"चाळीस वर्षं ह्या हातांनी पोरांवरचं उतरवलं मी. तू ते पोरांवर घातलंस."

क्षमाने टॅब बंद केला.

रत्नाबाई गुडघे धरत खाली बसल्या. हात पलंगाखाली नेऊन त्यांनी मूठ उघडली. "सरी, ठीक आहे. आज तू माझी दृष्ट काढ."

मग चिमुकल्या बोटांनी मिरच्या उचलल्या. सिद्धी बाहेर आली आणि रत्नाबाईंवरून मूठ फिरवू लागली. शब्द तिला ऐकून ऐकून बरेचसे पाठ होते.

"घरच्याची, दारच्याची, आल्याची, गेल्याची..." ती अडखळली. "पुढे काय?"

"आईची."

"आईची," सिद्धी म्हणाली.

क्षमाने तवा तापवला. दृष्ट खरंच लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही, हे सिद्धीलाही ठाऊक होतं. मिरच्या काळ्या पडेपर्यंत तिघी तव्यापाशी उभ्या राहिल्या. ठसका कुणालाच आला नाही.

"खूपच लागली होती गं तुला, अज्जी," सिद्धी म्हणाली, आणि तिने ती वाकडी करंगळी घट्ट धरून ठेवली.