अप्पांचा तोल

मोडलेला पाय जुळला होता, पण गुळगुळीत फरशीवर एका पायावर उभं राहताच अप्पा डुलले आणि भिंतीला टेकले.

"अप्पा, इतक्यात होडीला परवानगी नाही," दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली.

अप्पांचा चेहरा उतरला. श्वास चुकला तरी कलंडणारी कनू, म्हणजे शर्यतीची चिंचोळी होडी, त्यांनी ऑलिंपिकमध्ये वल्हवली होती. आता तलावावरची सकाळची फेरीही गेली.

"त्या हवेच्या उशीवर उभा राहू?" कोपऱ्यातल्या तोल सावरायच्या गुबगुबीत उशीकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

"ती पुढच्या महिन्यात. तिच्यावरून तरणीताठी मुलंही पडतात."

तोवर अप्पा सोबत आलेल्या पत्नीचा खांदा धरून चढलेसुद्धा. उशी डगमगली, तशी त्यांची कंबर आपोआप सैल झाली. एक पाय उचलून ते खांबासारखे उभे राहिले. पत्नीच्या हातातली छत्री घेऊन हवेत वल्हंही मारून दाखवलं.

"चाळीस वर्षं सांगतेय," पत्नी म्हणाली, "यांना जमीन मानवत नाही."

मुलगी हसली. "होडीला परवानगी दिली. पण काकू, तलावापर्यंत यांचा हात सोडू नका."